मनोरमेची आई

पंडिता रमाबाईंचे नाव उच्चारले की बहुतेक मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पांढरे लुगडे नेसलेली, शांत पण करारी मुद्रेची एक विदुषी. संस्कृतवरील असामान्य प्रभुत्वामुळे कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हणून गौरविले ती. विधवांसाठी शारदासदन काढणारी आणि धर्मांतरामुळे पुण्याच्या रोषास पात्र झालेली स्त्री. हे चित्र खोटे नाही, तथापि ते अपुरे आहे. रमाबाई ही एका मुलीची आई होती, आणि तीही वयाच्या तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेली, जवळचे सर्व आप्त गमावलेली, परक्या देशांत हिंडणारी आई होती. आपल्या या एकुलत्या एका लेकीला कोणता देव द्यावा, तो कोणत्या भाषेत द्यावा आणि तो द्यायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिला जवळजवळ चाळीस वर्षे सोबत करीत होता. रमाबाईंच्या सार्वजनिक चरित्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा हा घरगुती धागा हाती धरून चालण्याचा विचार आहे.

या कथेचा आरंभ रमाबाईंच्याही आधी, त्यांच्या वडिलांपासून करावा लागतो. अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. त्यांचे घराणे कर्नाटकात स्थायिक झालेले. विद्यार्थिदशेत ते पुण्यास होते आणि त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात एका राजस्त्रीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक येऊ शकतात, ही गोष्ट त्या तरुणाच्या मनावर कायमची कोरली गेली. पुढे त्यांनी आपली द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवावयास घेतले, तेव्हा भोवतालच्या समाजाने त्यांना विरोध केला. शास्त्रीबुवांनी वाद टाळला नाही. परंतु अखेर ते पत्नीसह पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल जेमतेम सहा महिन्यांचे असताना कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली. वेताच्या पेटीत निजविलेली रमा एका माणसाच्या डोक्यावरून घाट उतरली आणि पुढची सोळा वर्षे तिला कायमचे घर म्हणून राहिलेच नाही. देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे, श्रोते देतील त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा तो जीवनक्रम होता. वडील वृद्ध झाल्यामुळे आठव्या वर्षापासून रमेचे शिक्षण आईने हाती घेतले. दिवसभर स्वयंपाकपाणी आणि अतिथींची उस्तवारी यांत गुंतलेल्या लक्ष्मीबाईंना मोकळा वेळ सापडे तो पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी. झोपेने जड झालेल्या मुलीला अंथरुणावरून उचलून, कुरवाळून त्या जागी करीत आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. पोथी क्वचितच लागे. आईच्या तोंडून निघालेला शब्द मुलीच्या तोंडी जाई. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक रमेला मुखोद्गत झाले. तिची मराठीही शाळेत किंवा पुण्याच्या पेठेत घडली नाही. परमुलखात हिंडताना आईवडील आपापसांत जी मराठी बोलत, वाचीत आणि जपत, तीच तिच्या वाट्याला आली. महाराष्ट्राबाहेर संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

धर्म आणि भाषा ही दोन्ही आईच्या मांडीवरून मुलाकडे जातात, हा धडा रमाबाईंना असा स्वानुभवातून मिळाला. पुढे १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी याच आईच्या स्मृतीस अर्पण केले. तोवर त्या ख्रिस्ती होऊन चार वर्षे झाली होती. धर्म बदलला, पण ज्या माउलीने पहिला धर्म शिकविला तिच्याविषयीची कृतज्ञता यत्किंचितही उणावली नाही, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या झळा या फिरत्या कुटुंबाला लागल्या. भिक्षा मागणे शास्त्रीबुवांच्या स्वभावात नव्हते आणि अंगमेहनत करण्याचे शिक्षण कोणासच नव्हते. उपासमारीने प्रथम वडील, मागोमाग आई आणि नंतर थोरली बहीण कृष्णाबाई गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंदुस्थान पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची ही अविवाहित मराठी मुलगी तेथील पंडितांच्या सभेत अस्खलित संस्कृत बोलली आणि एका रात्रीत प्रसिद्धीस आली. मात्र याच काळात बालपणी मिळालेल्या श्रद्धेची वीण सैल होऊ लागली होती. आईवडील देवांपुढे उपास करीत मेले होते. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत स्त्रीविषयी जे वाचावयास मिळाले त्याने मन विटले होते. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. दोन्ही बाजूंच्या समाजांनी पाठ फिरविली. आसामकडील सिल्चर येथे या दोघांनी संसार मांडला.

१६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना मुलगी झाली. मुलगी व्हावी अशीच उभयतांची इच्छा होती. ती पुरी झाली म्हणून तिचे नाव मनोरमा ठेवण्यात आले. ज्या काळात मुलीच्या जन्माने घरावर सावट येई, त्या काळात हे नाव म्हणजे आईबापांनी केलेली एक घोषणाच होती. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचे निधन झाले, तेव्हा मनोरमा दहा महिन्यांचीही नव्हती.

सिल्चरच्या त्या घरातच रमाबाईंच्या हाती प्रथम लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत आली होती. बाप्टिस्ट मिशनचे ॲलन नावाचे मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकाचा अर्थ सांगत. रमाबाईंना त्यात रस वाटू लागला, परंतु मिशनच्या शाळेत शिकलेल्या बिपिनबाबूंना आपली पत्नी त्या वाटेने जाणे पसंत नव्हते. तो विषय तेव्हा तेथेच थांबला. पतीच्या मृत्यूनंतर तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ या एका वर्षात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षण व स्त्रीवैद्यक यांची गरज प्रतिपादन करणारी साक्ष दिली. वैद्यकाचे शिक्षण घ्यावे म्हणून १८८३ मध्ये त्या मनोरमेसह इंग्लंडला निघाल्या. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासखर्चास उपयोगी पडला.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात उतरल्या. या संघाचे काम पुण्यातही चाले, त्यामुळे ओळख जुनी होती. काशीचे विद्वान नेहेम्या गोरे, जे स्वतः चित्पावन ब्राह्मण असून ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या लिखाणाचा रमाबाईंच्या मनावर परिणाम झाला होता. पतित स्त्रियांच्या उद्धारासाठी या भगिनी चालवीत असलेले कार्य पाहून त्या अधिकच प्रभावित झाल्या. अखेर २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याबरोबर अडीच वर्षांच्या मनोरमेलाही तो देवविला. मुलीचे नाव तेव्हापासून मनोरमा मेरी झाले.

या घटनेवर महाराष्ट्रात केवढे काहूर उठले हे सर्वश्रुत आहे. परंतु रमाबाईंच्या दृष्टीने खरी कसोटी यानंतर सुरू झाली. बाप्तिस्मा एका दिवसाचा असतो, मुलाला वाढविणे रोजचे असते. वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकाचा विचार त्यांना सोडावा लागला आणि १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकण्यास व संस्कृत शिकविण्यास गेल्या. मनोरमेचा सांभाळ वाँटेजच्या भगिनींकडे असे. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डिन हिचा या मायलेकींवर विशेष जीव होता. रमाबाई तिला मायेने आजीबाई म्हणत. जेराल्डिनने जपून ठेवलेला हा सर्व पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, तेव्हा या नात्यातील माया आणि ताण ही दोन्ही मराठी वाचकांपुढे प्रथमच सविस्तर आली.

ताण कशाचा होता? जेराल्डिनच्या मते रमाबाई ही चर्चच्या घरात नव्याने जन्मलेली कन्या होती. तिने वडीलधाऱ्यांचे ऐकावे, शंका कमी काढाव्यात आणि धर्मगुरूंचा शब्द प्रमाण मानावा. रमाबाईंच्या मते देवाने आपल्याला विवेकबुद्धी दिली आहे आणि ती कोणाही मनुष्याच्या स्वाधीन करण्याचा आपणांस अधिकार नाही. एका जुन्या पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या आज्ञेत जाण्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला नव्हता. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, अथनेशियसच्या मतांगीकारातील शापवचने यांविषयी त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द का असावेत, आपल्या पूर्वजांच्या संस्कृत भाषेतले का नसावेत, असेही त्यांनी विचारले. आहारात शाकाहार सोडला नाही. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी रमाबाईंची ही चौकस वृत्ती बरीचशी समजून घेतली. मठाला मात्र तिच्यात अहंकाराचा वास येई.

या वादात मनोरमाही ओढली गेली. चार-पाच वर्षांच्या मुलीला काय शिकवावे? भगिनींना वाटे की, ज्या चर्चमध्ये मुलीचा बाप्तिस्मा झाला त्याचे संपूर्ण शिक्षण तिला लहानपणीच मिळावे. आईला शंका आहेत म्हणून लेकराचे नुकसान का व्हावे? रमाबाईंचे म्हणणे उलट होते. जे आपणांस स्वतःला अद्याप पटलेले नाही, ते आपल्या मुलीच्या कोवळ्या मनावर प्रश्नातीत सत्य म्हणून ठसविले जाऊ नये. देव एक आहे, तो प्रेमळ आहे, त्याला खरेपणा आवडतो, इतके मुलाला कळू शकते. गूढ सिद्धांतांचा निवाडा ती मोठी झाल्यावर आपल्या बुद्धीने करील. शिवाय मनोरमा इंग्रज होऊ नये, हाही त्यांचा आग्रह होता. तिला हिंदुस्थानात राहावयाचे आहे, हिंदी स्त्रियांत वावरावयाचे आहे. तेव्हा आपल्या लोकांपासून तुटलेले मूल घडविण्यात काय अर्थ?

दोन्ही बाजूंना न्याय द्यावयाचा तर असे म्हणावे लागेल की, जेराल्डिनचा हेतू शुद्ध होता. परदेशी आईच्या पोरीला तिने वर्षानुवर्षे खाऊपिऊ घातले, अक्षरे शिकविली, आजारपणात उशाशी बसली. रमाबाईंनाही या ऋणाची जाणीव होती, आणि म्हणूनच त्यांचा पेच बिकट होता. आश्रय ज्यांचा त्यांचेच मत मुलीच्या बाबतीत अमान्य करणे, हे पदरी पैसा नसलेल्या स्त्रीला सोपे नसते. तरीही त्यांनी आईचा हक्क सोडला नाही. मुलाच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी प्रथम आईची, मग संस्थेची, हा मुद्दा त्यांनी अखेरपर्यंत धरून ठेवला.

१८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मनोरमेसह फिलाडेल्फियास गेल्या. तेथे थोड्याच दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई दोन-अडीच वर्षे राहिल्या. या काळातील त्यांच्या व्याख्यानांविषयी, त्यांना मिळालेल्या निधीविषयी आणि १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनविषयी सर्वत्र लिहिले जाते. त्यांनी तेथे केलेला एक अभ्यास मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी फिलाडेल्फियात रीतसर घेतले. मुलाने हाताने करून, गाऊन, खेळून शिकावे, झाडापानांत आणि वस्तूंत त्याला सृष्टीची सुसंगती दिसावी, आणि त्या सुसंगतीतून तिच्या कर्त्याकडे त्याचे मन आपोआप वळावे, ही फ्रोबेलची दृष्टी. रमाबाईंच्या मनात आधीपासून घोळत असलेल्या विचाराला या पद्धतीने शास्त्राचा आधार दिला. मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी तेथेच आरंभिले. आईच्या पहाटेच्या घोकंपट्टीने जी मुलगी विदुषी झाली, तीच आता घोकण्याऐवजी पाहण्यास शिकविण्याचे तंत्र आत्मसात करीत होती.

या भटकंतीत मनोरमेला काही काळ पुन्हा इंग्लंडला भगिनींकडे ठेवावे लागले. आई एका खंडात आणि पाच-सहा वर्षांची मुलगी दुसऱ्या खंडात, अशी स्थिती झाली. रमाबाई तिला पत्रे लिहीत; आपण पाहिलेल्या प्रदेशांची, प्राण्यांची, माणसांची वर्णने करीत. मुलीपासून दूर राहण्याचे दुःख त्यांनी पत्करले ते हिंदुस्थानातील दुसऱ्यांच्या मुलींसाठी. हा सौदा रास्त होता काय, याचे उत्तर देण्याचा अधिकार फक्त मनोरमेला होता, आणि तिने ते पुढे आपल्या आयुष्याने दिले.

१८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी चौपाटीवर शारदासदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्ध झाली. १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार होती. सदनाचे धोरण धार्मिक तटस्थतेचे होते. हिंदू मुलींना आपले सोवळेओवळे पाळण्याची, पूजाअर्चा करण्याची मोकळीक होती आणि कोणासही ख्रिस्ती धर्म शिकविला जात नसे.

परंतु रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि त्यांची मुलगीही ख्रिस्ती होती. ही आई आपल्या मुलीला घेऊन रोज सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करी, बायबल वाची. प्रश्न उत्पन्न झाला तो त्या खोलीच्या दारापाशी. दार उघडे असे. ज्यांना रमाबाई आईसारख्या वाटत, अशा काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलाविले नाही, तसेच हाकलूनही लावले नाही. सल्लागारांना वाटले की, ज्या घरात कोवळ्या वयाच्या हिंदू मुली विश्वासाने ठेवल्या आहेत, तेथे दार लावून प्रार्थना करावी इतपत संयम चालकाने पाळावयास हवा. रमाबाईंचे मत असे की, हिंदू मुलीला आपला देव पुजण्याची जी मोकळीक या घरात आहे, तीच मला आणि माझ्या मुलीला आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकराला देवाचे नाव शिकविताना मी दार का लपवून लावू?

१८९३ मध्ये हा वाद विकोपास गेला. 'केसरी'तून कडाडून टीका झाली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. आज शतकाहून अधिक काळ लोटल्यावर या प्रकरणाकडे पाहताना दोन्ही पक्षांची बाजू समजू शकते. ज्याने आपली विधवा बहीण वा मुलगी तेथे ठेवली, त्याच्या भीतीला कारण नव्हते असे म्हणवत नाही. आश्रयदात्याच्या आचरणाचा आश्रितावर परिणाम होतोच. वाँटेजला मनोरमेच्या बाबतीत स्वतः रमाबाईंना हीच भीती वाटली होती. नियतीने आता त्यांना जेराल्डिनच्या जागी आणून बसविले होते. या साम्याची जाणीव त्यांना कितपत झाली असेल, हा चरित्रकारांनी विचार करण्याजोगा विषय आहे.

दरम्यान रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेतही पालट झाला होता. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचीत असताना त्यांना जाणवले की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. बुद्धीने स्वीकारलेल्या धर्माला आता भक्तीचा ओलावा मिळाला. येथून पुढे त्या संस्थात्मक चर्चच्या वादांपासून दूर जात गेल्या आणि प्रार्थना हा त्यांच्या आयुष्याचा कणा बनला.

१८९६-९७ च्या दुष्काळाने त्यांना आपले लहानपण आठवले. मध्यप्रांतातील भुकेकंगाल वस्त्यांतून हिंडून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्यांत ठेवण्यात आले. यातूनच १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. येथे तटस्थतेचे धोरण नव्हते. मुक्तिसदन हे उघडपणे ख्रिस्ती घर होते आणि तेथे आलेल्या मुली ख्रिस्ती म्हणून वाढल्या. भुकेल्या लेकराला भाकरीबरोबर धर्म द्यावा काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदीच अस्थानी नव्हता. रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, ज्यांच्यापाशी मागे कोणीच उरले नव्हते अशा मुलींची त्या आई झाल्या, आणि आई आपल्या मुलांना आपला देव देते, तसा त्यांनी तो दिला. हे घर त्यांनी परदेशी वळणावर जाऊ दिले नाही. साधे लुगडे, साधे शाकाहारी जेवण, जमिनीवर बसून उपासना आणि मराठी बोली, असा तेथील क्रम होता. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुलींनीच करावयाची. श्रमाची लाज बाळगणाऱ्या विद्वान कुटुंबाची उपासमारीत काय दशा होते, हे पाहिलेल्या बाईने केलेली ही योजना होती.

मनोरमा या सर्व काळात मोठी होत होती. शारदासदनाच्या मुलींत ती वाढली; पुढे शिक्षणासाठी इंग्लंड आणि अमेरिका येथे गेली. रमाबाईंनी तिला धर्माच्या बाबतीत मोकळे ठेवले होते. आता ती स्वतःच्या पायांवर त्या श्रद्धेत उभी राहिली. मुक्तीवरील कामाचा भार असह्य झाला तेव्हा १९०० च्या सुमारास अमेरिकेतील पुढील शिक्षणाचा मोह सोडून ती केडगावी परतली. शारदासदनाचे प्रमुखपद तिने सांभाळले. अंध मुलींसाठी ब्रेल लिपी शिकून घेऊन तिने त्यांना शिकविले. पुढे मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवीही मिळविली. १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढण्यात तिचा मोठा वाटा होता. तिने विवाह केला नाही. ज्या मुलींसाठी आईने आपल्याला दूर ठेवले होते, त्याच मुलींच्या सेवेत तिने आपले आयुष्य घातले. बालपणीच्या विरहाचा हिशेब तिने कधी मागितल्याचे दिसत नाही.

आपल्या पश्चात मनोरमा मुक्तीचा कारभार पाहील, अशी रमाबाईंची स्वाभाविक अपेक्षा होती. ती पुरी व्हावयाची नव्हती. अतिश्रमाने मनोरमेची प्रकृती ढासळत गेली आणि २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या मिशन रुग्णालयात, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी लेक. रमाबाईंनी सगळ्यांना आपल्या आधी जाताना पाहिले. बहिऱ्या झालेल्या, थकलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या या स्त्रीने त्यानंतर जे काम हाती धरून ठेवले, त्यातच या कथेचा समारोप आहे.

ते काम म्हणजे मराठी बायबल. प्रचलित भाषांतरांची भाषा खेड्यातल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकामुलींना कळत नाही, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून त्यांनी मूळ ग्रंथांवरून साध्या मराठीत भाषांतर करण्यास घेतले होते. या कामी त्यांची सुमारे अठरा वर्षे गेली. खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही सारी कामे मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनीच केली. ज्या बाईला पंडितांनी संस्कृतसाठी नावाजले, तिने आयुष्याची अखेरची वर्षे संस्कृतप्रचुरता गाळून टाकण्यात घालवावी, यामागे एकच हेतू होता: आईने मुलाला वाचून दाखविताना मध्ये कोणी शास्त्री लागू नये. लेकीच्या मृत्यूनंतरही हे काम थांबले नाही. अखेरची मुद्रिते मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांच्या नजरेखालून गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले होते आणि स्वतंत्र भारताने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे. परंतु आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने रमाबाईंचे स्मरण करताना त्यांच्या मानसन्मानांपेक्षा लक्ष्मीबाई, रमाबाई आणि मनोरमा ही तीन पिढ्यांची माळ अधिक आठवते. पहिलीने परमुलखातील ओवरीत, पहाटेच्या अंधारात, मुलीच्या ओठांवर देवाचे नाव ठेवले. दुसरीने देव बदलला, पण तो स्वतःच्या तोंडाने आणि आपल्या भाषेत मुलीला देण्याची रीत बदलली नाही. तिसरीने ते दिलेले स्वतः पारखून घेतले आणि दुसऱ्यांच्या मुलींना वाटून टाकले.

कोणी कोणत्या धर्माचे असो, परप्रांतात मूल वाढविणाऱ्या प्रत्येक घरापुढे हा प्रश्न असतोच: शाळा पुष्कळ शिकवील, शेजार पुष्कळ शिकवील, पण जे आपले म्हणून मुलाला द्यावयाचे, ते द्यायला आपण पहाटे उठणार आहोत की नाही? लक्ष्मीबाई उठत होत्या. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून बसत होत्या. पुढच्या पन्नास वर्षांची चिंता करताना आपल्या मंडळातील आयांनी आणि बापांनी या मायलेकींची आठवण मनात ठेवावी, एवढेच या लेखाच्या शेवटी सांगावेसे वाटते.